मूठ तिरकी ठेव

एल्को, नेवाडा
५ ऑक्टोबर १९९४

ती. व्हर्लीनमावशीस,
सा. न. वि. वि.

कडक थंडीआधी मँटायला येऊन बागेच्या कारंज्यांच्या जमिनीतल्या नळ्या रिकाम्या करून देतो, असं कबूल केलं होतं. पण इथे घोड्यांच्या बाजारात एक ठिपक्यांची घोडी पाहिली. तिला मानेवर खाजवलं की डोळे मिटते. मालक म्हणाला महिनाभर राहा... ते असो. येणं जमत नाही.

तूच कर. शेजारच्या, आपल्या चर्चमधल्या ब्रदर जेन्सनांचा हवेचा कंप्रेसर आण. आधी मुख्य कॉक बंद. मग एकेका भागात हवा सोड, लांबचा भाग आधी. दाबाचा काटा पन्नासच्या वर नको; ब्रदर जेन्सननी शंभरावर नेला तेव्हा कारंज्यांची तोंडं त्यांच्याच छपरावर गेली होती. शेवटी भिंतीजवळच्या पितळी झडपेच्या दोन्ही मुठी अर्ध्यावर, तिरक्या ठेव. पूर्ण बंद केल्या तर घोटभर पाणी आत अडकतं, गोठतं आणि पितळ फुटतं.

गेल्या वर्षी त्या पूर्ण बंद केल्या होत्या मीच. वसंतात पाणी सोडताच फुटक्या झडपेतून तळघर भरलं, डॅरेलने तुला विसराळू ठरवलं, पुन्हा फुटलं तर घर विकून तुला फिनिक्सला नेणार म्हणाला. तुझ्या पोटच्या पोरासमोर मी गप्प बसलो. माफ कर.

तुझा,
कोल्बी

मँटाय, युटा
१९ ऑक्टोबर

चि. कोल्बीस,
अ. उ. आ.

मुठी मी तेव्हाच पाहिल्या होत्या. सांगितलं असतं तर डॅरेलने तुला दारात उभं केलं नसतं. म्हणून झाले विसराळू. यंदा नाही होणार. त्याला तू स्वतः लिही, आणि या आठवड्यात.

काम झालं. ब्रदर जेन्सन मदतीला म्हणून आले. त्यांना खुर्ची दिली, ॲपल पाय दिला. दोनदा म्हणाले, जरा जोर वाढवा. दोन्ही वेळा आणखी एक तुकडा वाढला. नळ्या कोरड्या, काटा पन्नासच्या आत, मुठी तिरक्या.

जेवत जा वेळेवर.
व्हर्लीनमावशी

मँटाय
२३ एप्रिल १९९५

चि. कोल्बीस,
अ. उ. आ.

काल डॅरेल आला. म्हणाला, पाणी मीच सोडतो. सोडलं, आणि टॉवेल घेऊन तासभर तळघरात उभा राहिला. एक थेंब नाही. बाहेर आला तर सगळी कारंजी उठलेली, त्यात त्याचे बूट भिजले.

मग खिशातून तू त्याला लिहिलेलं पत्र काढलं. घडी पार झिजली होती. खरं तेव्हाच का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू विचारलं नव्हतंस डॅरेल. ठरवून आला होतास."

जाताना घर विकायचा दलालाचा कागद स्वतःच फाडून चुलीत टाकला, आणि बागेत यंदा काय लावणार म्हणून विचारलं.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
व्हर्लीनमावशी