बर्फाच्या टबातली बाटली

केलारा, व्हिक्टोरिया
२ मार्च १९६४

चि. क्लॅरीस,
अ. उ. आ.

गुडघा कसा आहे? मला मेलीला परवापासून अन्न गोड लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कुजलेल्या फळ्या काढल्या, तर खाली जुनी बिअरची बाटली. वर हॅड्रिक ब्रुअरीचा कागद. धुवायला घेतली तसा कागद सुटला आणि काचेतच उमटवलेली अक्षरं दिसली: 'ही बाटली कायम जे. यूरेन यांच्याच मालकीची.' आपले आजोबा रे!

बिअर गिऱ्हाइकाची, बाटली मात्र ब्रुअरीची, हा तेव्हाचा कायदा. 'यूरेन माझ्या बाटल्या चोरून त्यांत स्वतःची बिअर भरतो,' असं म्हाताऱ्या हॅड्रिकने कोर्टात सांगितलं आणि आपली ब्रुअरी बुडवली. बाबांनी मरेपर्यंत 'बाटलीचोराचा पोर' ऐकून घेतलं. आणि आजोबांच्या बाटल्यांवर स्वतःचे कागद चिकटवत होता तो हॅड्रिकच!

शनिवारी त्यांच्या ब्रुअरीची पंचाहत्तरी. गावच्या हॉलमधल्या कपाटातली हॅड्रिकची 'पहिली बाटली' नातू मर्व्हिन फोडणार आहे. ती दर नाताळला मीच पुसते. कागदाखाली बोटाला काहीतरी खडबडीत लागायचं. आता मर्व्हिनला सोडत नाही.

तुझी
एनिडताई

ब्रोकन हिल
४ मार्च १९६४

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

वाचून माझंही रक्त उसळलं. पण तुझा जावई लेन मर्व्हिनच्याच ब्रुअरीत आहे, हे विसरू नकोस. पेपरला रीतसर पत्र लिहू. भर हॉलमध्ये तमाशा नको. लहानपणी रागाने तू माझ्या डोक्यावर दुधाची बादली ओतली होतीस, म्हणून धास्ती वाटते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
क्लॅरी

केलारा
८ मार्च १९६४

चि. क्लॅरीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं. तमाशा सोड, तोंडातून शब्दही काढला नाही. फक्त बाटली थंड केली.

काल उकाडा मरणाचा. गरम बिअर दिली तर केलारात दंगलच होईल! बर्फाचा टब आम्हा बायकांकडे. मर्व्हिनने स्वतःच बाटली माझ्या हातात दिली आणि चांगली गार कर म्हणाला. केली की! त्याच्या आजोबांच्या सचोटीवरचं भाषण संपेपर्यंत बुडवून ठेवली.

त्याने बाटली वर काढून सगळ्यांना दाखवली. कागद टबातच तरंगत राहिला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या मास्तरांनी सवयीने काचेवरची आजोबांच्या नावाची ओळ मोठ्याने वाचली. मर्व्हिनचं तोंड असं पडलं म्हणून सांगू! मी मन भरेपर्यंत बघून घेतलं. बाबांसाठीही थोडा वेळ जास्त बघितलं.

मग पुढे गेले, त्याच्या हातातून बाटली काढून घेतली आणि सरळ दाराकडे चालू लागले. लेनच्या नोकरीची धाकधूक होतीच. पण दार उघडून धरलं ते लेननेच.

हॉलमध्ये तीनशे माणसं होती, क्लॅरी. सगळ्यांच्या देखत बाटली घेऊन आले. एकानेही चोर म्हटलं नाही.

पोरांना पापा. आठवण ठेव.

तुझी ताई,
एनिड यूरेन