कोरी नळी

गुरुवार, ६ मार्च

कोरी नळी कोरी निघाली नाही!

दुपारपासून डोक्यात हेच एक वाक्य. नीट लिहून काढतो, म्हणजे निदान मला तरी धड कळेल.

माझी पद्धत — हो, ‘माझी’. वर्षभर हा शब्द काय तोऱ्यात वापरलाय मी! — तशी सोपी. तेल, लोणी, चीज, काहीही स्निग्ध असो. चमचाभर नमुना छोट्या प्लास्टिकच्या नळीत घ्यायचा, वर थोडं अल्कोहोल, खळखळून हलवायचं आणि नळी रात्रभर फ्रीझरमध्ये आडवी ठेवायची. तूपकट भाग थिजून नळीच्या अंगाला चिकटतो, नको ते रसायन अल्कोहोलमध्ये उतरतं. ते यंत्रात सोडायचं, झालं. पूर्वी याच कामाला बाटलीभर सॉल्व्हंट लागायचं. सगळ्यांची डोकी दुखायची, आणि उरलेलं विष पिंपात भरून जाळायला पाठवायचं. आता नुसते थेंब. म्हणून तर प्रयोगशाळेत मला ‘थेंबमास्तर’ म्हणतात. (ही म्हणते, “तिथे थेंब वाचवायचे आणि घरी आंघोळीला दोन बादल्या!”)

प्रत्येक खेपेला एक कोरी नळी लावायची असते. तिच्यात नमुना नाही, नुसतं अल्कोहोल. तिच्यात काही सापडलं तर दोष आपल्याच भांड्यांचा. आमची कोरी कायम स्वच्छ! आज नळ्या उभ्या ठेवायचा स्टँड कुणीतरी धुवायला नेला होता. म्हणून कोरीही बाकीच्यांबरोबर आडवी टाकली. आणि तिच्यात तेच रसायन — प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते — भरभरून.

वर्षभर कोरी उभी ठेवत आलो. तिच्यात थिजायचं काही नाही, मग आडवी कशाला? पण आडव्या नळीतलं अल्कोहोल झाकणाच्या आतल्या मऊ चकतीला रात्रभर लागून राहतं. उभ्या नळीत हलवताना काय लागेल तेवढंच. इतकं साधं. शाळेतल्या पोराला सुचलं असतं.

आणि याच नळ्यांच्या जोरावर गेल्या महिन्यात घाणेवाल्या बाईंना कळवलं की तुमच्या तेलात प्लास्टिकचं रसायन आहे, मर्यादेच्या खूप वर.

शुक्रवार, ७ मार्च

पुन्हा केलं. उभ्या स्वच्छ, आडव्या घाण. तिसऱ्यांदा केलं. तेच!

शनिवार, ८ मार्च

सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे तेच. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले.

“बाईंचं तेल आधी काचेच्या नळ्यांत, जुन्या पद्धतीने तपासा. मग तोंड उघडा.”

“आणि तोवर?”

“तोवर घाई नको. आठ दिवसांनी काही बिघडत नाही.”

काही बिघडत नाही म्हणे! पुढच्या आठवड्यात बाहेरच्या प्रयोगशाळांची माणसं माझी पद्धत शिकायला येणार आहेत. त्याआधी गवगवा नको, दुसरं काय? ओठावर आलं होतं, पण गिळलं. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

त्यात जुनं सॉल्व्हंट शिल्लक नाही. मागवायला हवं. त्याची खरेदी बंद कुणी करवली? मीच. तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

बाईंनी नमुना स्वतःहून दिला होता, कुणी मागितला नव्हता. निकाल कळल्यावर फोनवर एवढंच विचारलं, “साहेब, नक्की ना? नक्की असेल तर मी पिंपं अडवून ठेवते.”

मी काय म्हणालो? “बाई, आमची पद्धत चुकत नाही.”

हे लिहितानासुद्धा कान तापतात.

रविवार, ९ मार्च

जायला नको होतं. गेलो.

गल्लीच्या टोकाला लहानसा कारखाना. शटर अर्धं खाली. आत बाई उकिडव्या बसून यंत्राचे ट्रे घासत होत्या. वय साठीच्या आसपास, पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबण. शेजारी सून पाणी ओतत होती. भिंतीला लावून तेलाची पिंपं, झाकणांना दोरी बांधलेली. आमची गाठ फक्त फोनवरची. आवाज ओळखतील म्हणून मी पुटपुटल्यासारखं विचारलं, “तेल मिळेल का?” भित्रा तो भित्राच!

“नाही हो. आमच्या तेलात खोट निघालीय.”

असं सरळ सांगितलं! दारात आलेल्या अनोळखी माणसाला!

सून म्हणाली, “आई, आल्यागेल्याला कशाला सांगत बसता? तेल संपलं म्हणायचं.”

“संपलं कुठंय? ही काय पिंपं.” मग मला म्हणाल्या, “मोठ्या प्रयोगशाळेत तपासून घेतलंय. ती शिकलेली माणसं, खोटं कशाला सांगतील?”

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं. मी “बरं बरं” म्हणून निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला उगाच विचारलं, घाणा बंद का? तो हसला. “प्लास्टिकचं तेल ना? आता कोण घेतंय!” बाईंनी लपवलं असतं तर याला कळलंही नसतं.

तरी तिथे उभ्या उभ्या सांगता आलं असतं. चार शब्द. नाही सांगितले.

सोमवार, १० मार्च

जेवलो नाही. “पोट बिघडलंय का?” हिने विचारलं. हो म्हणालो. आता घरातही खोटं.

मंगळवार, ११ मार्च

केला फोन! सरांना न विचारता, जिन्याखाली उभं राहून.

“बाई, तुमच्या तेलात काही नाही. चूक आमची होती. माझी होती. ते रसायन आमच्या नळ्यांच्या झाकणातून आलं.”

बाई म्हणाल्या, “म्हणजे पिंपं सोडू?”

“सोडा,” म्हटलं. “बिनधास्त सोडा.”

त्या रडायला लागल्या. मग सुनेला मोठ्यांदा हाक मारली. आणि मला काय म्हणाल्या? “साहेब, चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं.” अजिबात लागत नाही, बाई. फक्त रविवारचं ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही एवढं पुरतं.

हिला सगळं सांगून टाकलं. ही म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं मोठा आजार लपवताय!” दोन घास जास्त जेवलो. हलकं वाटतंय. किती दिवसांनी!

गुरुवार, १३ मार्च

सॉल्व्हंट आलं. काचेच्या नळ्या धुऊन भट्टीत तापवल्या, बाईंचा राखून ठेवलेला नमुना जुन्या पद्धतीने लावला. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. शिक्षाच ही, म्हटलं, भोगा मास्तर! सर येऊन बघून गेले. मी फोनचं सांगितलं नाही. निकाल आला की सांगेन, तेव्हा तेही वाद घालणार नाहीत.

संध्याकाळी बाईंचाच फोन. सगळी पिंपं गेली. ज्यांनी तोंड फिरवलं होतं ते परत आले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर सगळ्यात आधी नेलं. “खोट स्वतः सांगणारी बाई म्हणून आता जास्तच विश्वास ठेवतात हो!” हसत होत्या. मीही हसलो.

शनिवार, १५ मार्च

काचेतला निकाल आला. कोरी नळी स्वच्छ — उभीही, आडवीही. पण बाईंच्या तेलात ते रसायन आहेच. आम्ही कळवलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी, पण मर्यादेच्या वर. पुन्हा लावून पाहिलं. आहे.

तेल चांगलं आहे हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चूक माझी, एवढंच कळलं होतं. बाकीचं मी माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोललो.

सरांना सगळं सांगितलं. मग त्यांच्यासमोरच बाईंना फोन लावला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. नुसतं विचारलं, “मग साहेब, आता यातलं खरं कुठलं धरू?”