खालून तिसरा दगड

व्रिसूला,
२२ मार्च १९९४

प्रिय बाबा,
आणि हे मोठ्याने वाचून दाखवणारी प्रिय आई,

तुम्हा दोघांना नमस्कार. आई, तू जे विचारणार ते आधीच सांगून टाकते: वेळेवर जेवते, लोकरी बनियन अजून काढलेलं नाही, आणि रविवारी चर्चला गेले होते. ईस्टरआधीचा उपवास चालू असल्यामुळे खाणावळीत रोज मसूर. सोमवारी पातळ असतात, शनिवारपर्यंत चमचा उभा राहील इतके घट्ट होतात. तू आपल्या बेटावरून पाठवलेली अंजिरं पोचली. निम्मी स्ट्रातिस मिस्त्रींनी खाल्ली. ते आमच्याकडचे मुख्य पाथरवट, साठीला टेकलेले. "टिनोसवाल्यांच्या अंजिरात वाळू असते," असं प्रत्येक अंजिराला म्हणत होते आणि पुढचं उचलत होते.

मला इथे फार बरं वाटतं. सकाळी टेकडी चढताना दोन्ही बाजूंना रानखसखशीची लाल फुलं असतात. वर पोचलं की प्राचीन देवळाच्या पायऱ्या, गवतात पसरलेले दगड आणि मधोमध एकटा उभा असलेला, तुम्ही तरुणपणी एकावर एक सहा दगड चढवून उभारलेला तुमचा खांब. पहिल्या दिवशी मी त्याला हात लावला आणि मनात म्हटलं, बाबांनी सांगितलं होतं त्यापेक्षा तू उंच आहेस.

विद्यापीठात चार वर्षं ऐकत होते की न्यायालयं, नाटकघरं, मतदान, पश्चिमेकडच्या साऱ्या जगण्याची सुरुवात आपल्या ग्रीसच्या या खडकाळ टेकड्यांवर झाली. तेव्हा छाती अभिमानाने भरून यायची. आता तो अभिमान गुडघ्यांत उतरलाय, कारण दिवसभर गुडघे टेकून दगड मोजते. पण मला हेच काम हवं होतं. प्रत्येक दगड मोजायचा, त्याचं चित्र काढायचं, त्याला काय काय झालं ते अहवालात लिहायचं. खांबाच्या आत पूर्वी घातलेल्या लोखंडी खिळी गंजून फुगल्यात आणि संगमरवराला तडे जाऊ लागलेत, म्हणून खांब उतरवून पुन्हा उभा करायचा आहे. हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. आईने लिहिलं की ते ऐकून तुम्ही उठून गोठ्याकडे गेलात.

गेल्या आठवड्यात एक गंमत झाली. अमेरिकेतून एक प्राध्यापक आले होते, उंच, नम्र, उन्हाने नाक सोललेले. त्यांच्या गावच्या कॉलेजने वीस वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथालयासमोर आठ खांब उभारले, तेही या खांबाची मापं नेऊन. ते त्याच्याभोवती तीनदा फिरले. मग खालून तिसऱ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे तो किंचित फुगलाय, बघा. ग्रीकांची खरी कमाल इथे आहे. वरचं ओझं पेलताना खांबाने श्वास घेतलाय. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हे शिकवतो."

आमच्या मुख्य वास्तुतज्ज्ञ डेस्पिना बाई माझ्याकडे बघू लागल्या. मापं माझ्याकडे होती, त्यामुळे सांगायचं मला होतं.

मी म्हटलं, "सर, तो श्वास नाही. तो शेजारच्या पडलेल्या खांबाचा दगड आहे. चुकून इथे बसलाय. या खांबाचा खरा तिसरा दगड तो, कुंपणापाशी. ज्याच्यावर बसून आम्ही जेवतो."

प्राध्यापकांनी वळून त्या दगडाकडे पाहिलं. त्याच्यावर मसुरांचा डबा होता. मग म्हणाले, "म्हणजे आमचे आठही?"

"आठही चुकले," स्ट्रातिस मिस्त्री म्हणाले, "पण आठही अगदी एकसारखे चुकले. साहेब, हेही सोपं नाही!"

प्राध्यापक सगळ्यांत जोरात हसले. मीही हसले. संध्याकाळी मात्र हसू येईना.

आई, इथे थांब. कागद बाबांकडे दे आणि तू कोंबड्यांकडे बघून ये. बाबा, चष्मा लावा. काचांवर धूळ बसलीय म्हणून सांगू नका.

मी गंमत लिहिली, कारण गंमत लिहायला सोपी होती. आता उरलेलं लिहिते. शेजारचा दगड थोडा रुंद होता, त्यामुळे तो खालच्या दगडाच्या बाहेर अर्धं बोट डोकावत असणार. म्हणून कोणीतरी त्याची खालची कड सगळीकडून छाटली आणि अंगावरच्या उभ्या पन्हळी खालच्या दगडाच्या पन्हळींना जुळवून घेतल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा संगमरवर बाबा, आणि त्याच्यावर नव्या छिन्नीचे घाव. आमच्या कामात याहून मोठा गुन्हा नाही. चुकीचा दगड परत काढता येतो. छाटलेला भाग परत येत नाही.

आणि ते घाव उजवीकडून डावीकडे उतरतात. तसे घाव मी जन्मल्यापासून बघतेय. आपल्या उंबऱ्यावर, विहिरीच्या काठावर, आजोबांच्या थडग्यावर.

अहवालात एक रकाना आहे, 'काम करणारा'. मी पेन्सिलीने 'अज्ञात' लिहिलंय. इथे कोणालाच माहीत नाही. १९५९ च्या हजेरीपटावर चार पाथरवटांची नावं आहेत, त्यांतला डावखुरा कोण हे फक्त मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात खांब उतरवला की अहवाल अथेन्सला जाईल. तोवर पेन्सिलीवर शाई फिरवायची आहे.

मी काही विचारत नाही. फक्त तुमच्यापासून लपवून ठेवणं जमेना.

आईला सांगा, कोंबड्या मोजून झाल्या असतील तर आत ये.

तुमची,
कल्लिरोई


व्रिसूला,
१६ एप्रिल १९९४

प्रिय बाबा,

पाकिटावर आईचं अक्षर नव्हतं, तेव्हाच मी देवळाच्या पायरीवर बसून घेतलं. तुमच्या हातचं पत्र मला याआधी कधी आलेलं नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ झालंय. तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुम्हाला कळेल.

"पोरी, चष्मा लावून लिहितोय, तरी अक्षर वाकडं येतंय. कड मीच छाटली. दगड पावसात पडून होते, त्यांच्यावर रंगाने घातलेले आकडे धुऊन गेले होते. कामावरच्या साहेबांच्या कागदावर तिसरा म्हणून हाच होता. मी पन्हळीत अंगठा फिरवला आणि म्हटलं, साहेब, हा शेजारचा आहे. साहेबांनी विचारलं, शाळा किती झाली तुझी? मी म्हटलं, चौथी. ते म्हणाले, मग चढव. रविवारी मंत्री येणार होते. दगड उचलाल तेव्हा त्याची वरची बाजू पुसून बघ. तोवर शाई फिरवू नकोस. तुझ्यासमोर खांबाचं कौतुक करायचो ते बाकीच्या पाच दगडांचं. ते बरोबर बसवले होते. आईने ईस्टरसाठी गोठ्याच्या भिंतींना चुना फासला."

एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

काल सकाळी क्रेन आली. वरचे तीन दगड एकेक करून उतरले. तिसऱ्याची वरची बाजू उघडी पडली, तशी मी सगळ्यांच्या आधी परांचीवर चढले. मिस्त्री खालून ओरडले, "पदवीवाल्या बाई, दगड पळून जात नाही. सावकाश!" वरती पस्तीस वर्षांची धूळ, गंज आणि मुंग्यांचं घर होतं. मी हातरुमालाने पुसायला लागले. आधी एक बाण दिसला. मग अक्षरं.

'शेजारच्या खांबाचा. खालून दुसरा. बाण पूर्वेला ठेवा. लां. कार्दामिस, टिनोस, १९५९.'

बाबा, किती सरळ ओळी आहेत! दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चौथा दगड बसणार आणि ती अक्षरं कोणाला कधी दिसणार नाहीत हे माहीत असूनही तुम्ही ती अशी कोरलीत, जणू चर्चच्या दारावर लावायची आहेत.

स्ट्रातिस मिस्त्री वर आले. त्यांनी टोपी मागे सारली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाले, "यानं दगड चुकीच्या जागी ठेवला, पण पत्ता बरोबर लिहून ठेवला." मग माझ्याकडे बघून, "तो कार्दामिस, तू कार्दामी. हे आडनाव तर तुझंही आहे."

आता जे सांगायचं ते मी मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने सगळं कबूल केलं. सगळं नव्हतं. फेब्रुवारीत हजेरीपट सापडला तेव्हा डेस्पिना बाईंनी मला विचारलं होतं, "लांब्रोस कार्दामिस तुझे कोणी लागतात का?" आणि मी म्हटलं होतं, "आमच्या गावात अर्ध्या लोकांचं हेच आडनाव आहे." तेव्हा तर ते घाव मी पाहिलेही नव्हते. म्हणजे कड छाटली म्हणून तुम्हाला नाकारलं, असं नाही. मला इथे माझ्या पदवीवर ओळखलं जायचं होतं. विद्यापीठातसुद्धा वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी 'शिल्पकार' म्हणायचे. पाथरवट हा शब्द मी चार वर्षांत एकदाही उच्चारला नाही. खांबांबद्दल, प्रमाणांबद्दल, या सगळ्याने पुढे जगाला काय दिलं याबद्दल मी तासनतास बोलायचे, आणि ते करणाऱ्या हाताचं नाव काढायची मला लाज वाटायची. आपण जगाला काय काय दिलं त्याची यादी केली तर त्यात अमेरिकेतल्या त्या आठ खांबांचा श्वासही येतो, आणि तो तुमच्या छिन्नीतून गेलेला आहे. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

डेस्पिना बाई परांचीखाली उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली, "कल्लिरोई, काय लिहिलंय?"

मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"हा माणूस अजून असेल का गं?"

"आहेत," मी म्हटलं. "टिनोसला आहेत. माझे वडील आहेत ते."

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं.

"मग तेव्हा मी विचारलं होतं, ते?"

"तेव्हा मी खोटं बोलले, बाई. आणि त्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलंय तेही खोटं आहे. छाटलेली कड त्यांची आहे. मला घाव बघूनच कळलं होतं."

"डावखुरे का?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो."

"तरीच! महिनाभर मी त्या कडेकडे बघतोय आणि म्हणतोय, हा माणूस आरशात उभा राहून काम करत होता की काय."

मी रडत होते आणि हसतही होते, आणि हातरुमाल गंजाने लाल झाला होता, त्यामुळे मग तोंडही तसंच झालं. डेस्पिना बाईंनी मला तसंच समोर उभं करून दहा मिनिटं सुनावलं. मापं चुकली तर चालेल, पुन्हा घेता येतात, पण माहिती लपवणारा माणूस मला या टेकडीवर नको, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आता तोंड धू आणि अहवाल पूर्ण कर.

तो मी आज पूर्ण केला. तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला आधी कळायला हवं:

'काम करणारा: लांब्रोस कार्दामिस, पाथरवट, टिनोस. याने दगडाची खालची कड छाटली. दगड शेजारच्या खांबाचा असल्याचं त्याने वरिष्ठांना सांगितलं होतं, असं तो म्हणतो. त्याची योग्य जागा आणि दिशा त्याने दगडाच्या वरच्या बाजूवर कोरून ठेवली. मापं घेऊन पडताळलं. बरोबर आहे.'

कड छाटल्याचं गाळलं नाही, बाबा. गाळावंसं वाटलं होतं. पण तुम्ही स्वतः पत्रात पहिलं वाक्य तेच लिहिलंत, मग मी कशी गाळू? 'असं तो म्हणतो' हेही ठेवलं, कारण साहेबांचं बोलणं कुठे लिहून ठेवलेलं नाही. तुम्हाला ते टोचेल. पण 'बरोबर आहे' हे शेवटचे दोन शब्द लिहिताना मी तुमचा दगड चारदा मोजला.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात शेजारचा खांब उभारायला घेणार आहोत, आणि तुमचा दगड त्याच्या जागी खालून दुसरा बसणार आहे. तुम्ही यावं असा डेस्पिना बाईंचा निरोप आहे. मिस्त्रींचाही आहे, त्यांच्या पद्धतीचा: "बाण पूर्वेला लिहून मोकळा झाला. पूर्व काय लहान आहे? ये म्हणावं, आणि दाखव." बोट लागते म्हणून सांगू नका, सगळ्यांनाच लागते. पाठ दुखते म्हणून सांगू नका, दगड क्रेन उचलणार आहे. तुम्ही फक्त पन्हळीत अंगठा फिरवायचा आणि हो किंवा नाही म्हणायचं. या वेळी शाळा कोणी विचारणार नाही.

मी पवित्र गुरुवारच्या बोटीने येते. ईस्टरची अंडी लाल रंगवायला आई माझ्यासाठी थांबली तर बरं. अहवालाची एक प्रत सोबत आणते. त्याच्या शेवटच्या पानावर अहवाल लिहिणाऱ्याचं नाव असतं. माझ्या नावापुढे मी आणखी चार शब्द घातले. डेस्पिना बाई म्हणाल्या, याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. इथेही सही तशीच करते.

कल्लिरोई कार्दामी,
वर उल्लेखलेल्या पाथरवटाची मुलगी