घोडीच्या पायातली चाकं

बाबा,

जेवण टेबलावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. आणि यापुढे माझ्या डबल बेसला हात लावायचा नाही. वाद्यं दुरुस्त करणं हा तुमचा धंदा असला तरी नाही!

"हवा बदलली की तारांची उंची बदलते. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या पायांत चाकं बसवून देतो, फिरवली की झालं," म्हणालात. मीही मान डोलावली. मग माझ्या पाठीमागे ती रोज थोडी थोडी फिरवून तारा खाली आणत राहिलात. आणि मला वाटत होतं, तार सहज दाबली जातेय म्हणजे माझी दुखरी बोटं बरी होतायत. वर दारात उभे राहून "सुधारतंय हं!" म्हणायचात. त्या भरवशावर मी डॉक्टरांकडे जायचं बंद केलं. आज तालमीत तारा खालच्या, बोटं दाबायच्या पट्टीवर आपटून खडखडायला लागल्या, तेव्हा शेजारच्या वादकाने वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "अगं, घोडी इतकी खाली कुणी आणली?"

दुखणं बोटांत आणि इलाज घोडीवर! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुम्हाला माझे हाल बघवत नव्हते, तर तसं तोंडाने सांगायचं होतं. मी काय कुकुलं बाळ आहे?

मी तारा पूर्वी होत्या तिथे परत चढवल्या आहेत. वाजवून पाहिलं. करंगळीने एकही स्वर धरवला नाही.

डॉक्टरांकडे चाललेय. यायचं असेल तर या. पण तिथे "सुधारतंय हं" म्हणायचं नाही.