बाबांच्या तटावर बेतलेली तोफ

प्रिय शहाण्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण मग पुढचं काहीच लिहिता आलं नसतं. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. तो तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, पाकिटावर मुद्दाम मोठ्या अक्षरात ‘ताईकडून’ लिहून. तुझ्या टेबलाशी चार लोकांनी बघावं, हीच इच्छा.

आधी अभिनंदन. तुमच्या त्या ढाल-तलवारीच्या गेममध्ये आता तोफा आल्या, सुरुंग आले, चाकांवरचे मनोरे आले. लोक खूश आहेत म्हणे. शिड्या लावून आणि दरवाज्यावर ओंडके आपटून कंटाळले होते बिचारे. गेम तुमचा, उद्या त्यात विमानं उडवा. माझा राग तोफेवर नाही, तुझ्यावर आहे. दिवसभर मी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसून आतलं कण्हणं ऐकते, आणि गेले काही दिवस प्रत्येक वेळी वाटतं, त्या खुर्चीत तू हवा होतास.

बाबांना या गेमची गोडी तूच लावलीस. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचं प्लास्टर बघत राहायचा. तेव्हा तू सुट्टीवर आलास, कॉम्प्युटर लावून दिलास आणि त्यांच्या डाव्या हातात माऊस ठेवलास. तेवढं पुण्य तुझ्या नावावर आहे, मी नाकारत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चार दगड रचले आणि चारही पाडले, सरळ रेषेत नव्हते म्हणून. गेममध्ये ओळंबा नाही हे कळल्यावर त्यांनी मला खुणा करकरून आपला खरा ओळंबा स्क्रीनसमोर टांगायला लावला. तू पोट धरून हसला होतास. मीही हसले होते, बऱ्याच महिन्यांनी.

त्यानंतर तीन वर्षं खपून त्यांनी गेममध्ये किल्ल्यासारखा एक कोट बांधला. ऑनलाइन खेळणारी पंधरा-वीस अनोळखी माणसं त्यांच्या हाताखाली आली आणि त्यांना ‘मिस्त्री’ म्हणू लागली. एक शब्द बोलता न येणारा माणूस एका बोटाने टाइप करून त्या सगळ्यांना फैलावर घ्यायचा, सांध्यावर सांधा आणू नका म्हणून. किती टोळ्या चालून आल्या, पण तो तट कोणाला घेता आला नाही. व्यायाम करा म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे तेव्हा बाबा हलायचे नाहीत, पण एक बुरूज पुरा झाला की स्वतःहून पायाचा व्यायाम करायचे.

गेल्या गुरुवारी एक टोळी तुमची तोफ घेऊन आली. मी चहा घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. नऊ गोळे. मी मोजले. नवव्या गोळ्याला दर्शनी तट खाली आला आणि बाकीची माणसं पळाली. बाबांनी माऊस सोडला नाही. पडलेल्या दगडांतून ते हळूहळू फिरत राहिले. चहा मी तसाच मोरीत ओतला.

तोफेपुढे भिंत पडणारच, अशी मी मनाची समजूत घातली होती. मग रविवारी तुमच्या कंपनीचा तो व्हिडिओ पाहिला, तोफ कशी घडली त्याचा. नव्या शर्टात तू दात काढून बोलतोयस, आणि तुझ्या मागे स्क्रीनवर एका करड्या भिंतीवर गोळे आदळतायत. दरवाज्याच्या डाव्या हाताला, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक दगड आडवा न बसवता उभा बसवलेला. अरे, बाबांची खूण जगाला माहीत नसेल, पण आपण दोघं त्या उभ्या दगडावर पाय देऊन घराच्या कुंपणावर चढायचो! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की सहा महिन्यांपूर्वी तू त्यांच्याकडे कोटाचा नकाशा का मागितला होतास. लेकाला आपलं काम बघायचंय म्हणून त्यांनी चार दिवस खपून एकेक थर काढून पाठवला. आणि तू तो तोफ बेतायला वापरलास. व्हिडिओत तूच कौतुकाने सांगतोस, की गेममधली सगळ्यात भक्कम भिंत घेतली, साठ गोळ्यांनीही ती ढिम्म हलली नाही, मग ती नऊ गोळ्यांत पडेपर्यंत दारूचा जोर वाढवत नेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी सांगितलं असतंस तर नोकरी गेली असती, हे मान्य. पण गुरुवारनंतर? तोंडात मूग गिळून का बसलास? लाज वाटते म्हणून? वाटू दे ना. लाज वाटूनही फोन करता येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. बाबांनी तो व्हिडिओ पाहिलेला नाही, आणि त्यात तू दात काढतोयस म्हणून मी दाखवणारही नाही. त्यांना वाटतंय, आपलंच काम कच्चं होतं. रोज त्या ढिगाऱ्यात जाऊन ते सांधे तपासत बसतात. काल त्यांनी डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत एक यादी लिहून माझ्यापुढे सरकवली. त्यांनी बांधलेल्या खऱ्या इमारती आहेत त्यात. सगळ्यात वर शाळा, आणि खाली लिहिलंय, ‘पोरं बसतात तिथे.’ येत्या शनिवारी त्यांना तिथे जाऊन भिंतीला तडे गेलेत का ते बघायचंय. चाळीस वर्षांच्या कामावरचा त्यांचा विश्वास उडालाय रे. ‘बाबा, तुमची भिंत पक्कीच होती,’ असं मी सांगितलं, तर माझी पाठ थोपटली त्यांनी, लहान मुलीची थोपटावी तशी. माझ्या बोलण्याला ते समजूत घालणंच समजणार. साठचा आकडा ज्याने गोळे मारले त्याच्या तोंडूनच त्यांना पटेल. तेव्हा शनिवारी सकाळी दहाच्या आत ये. त्यांच्यासमोर बस, त्यांचाच नकाशा वापरला हे कबूल कर, आणि साठ गोळ्यांचं सांग. त्यांनी माऊस फेकून मारला तर मी मध्ये पडणार नाही. आणि एवढं ऐकूनही त्यांना शाळा बघायचीच असेल, तर जिन्यावरून त्यांची चाकांची खुर्ची एकटीला उतरवता येत नाही मला. एक बाजू तू धर.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई