दोन डिग्री वाकडी

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दोन तास लाईट नाही. पंपाच्या बुशांची ऑर्डर अर्धी पडून. मशीनवरचा वसंता तंबाखू मळत बसला, मी त्याच्यावर चिडत बसलो. दोघांनाही काम तेवढंच.

भिंगारचा रंगाभाऊ आला. कॅम्पातल्या गोल्फ मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आता साठीत स्वतःची स्टिक बनवलीय म्हणे. मूठ ढिली झालेली, बसवून पाहिजे. बघितली. साखर कारखान्याच्या भंगारातला गनमेटलचा तुकडा कानशीनं घासून केलेलं डोकं, त्यात लोखंडी गजाची मान, वर कुणाच्या तरी मोडक्या स्टिकची नळी. रूप असं की भंगारवाला फुकट दिली तरी घ्यायचा नाही. बॉल शेवटी हळूच भोकात ढकलायची ती ही स्टिक. पटर म्हणतात.

लाईट नव्हतीच, म्हणून शेडच्या फरशीवर चहाचा ग्लास आडवा ठेवून मारून बघितलं. मी जन्मात गोल्फ खेळलेलो नाही. दहातले सात ग्लासात.

वसंता म्हणाला, "मालक, सरका जरा, मला बघू द्या." लाईट आली तरी तोच धंदा चालू.

१४ ऑगस्ट

रं. स्टिक न्यायला आला. सहज विचारलं, मैदानावर कोणी मागतं का ही?

"चार-पाच साहेब रोज मागत्यात मारायला. एक कर्नलसाहेब तर इकत घेतो म्हनले. न्हाई दिली."

"का?"

"एकच हाय ना."

एकच आहे. हेच दिवसभर डोक्यात. सव्वीस वर्षं मी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचे पार्ट कापतोय. ते कुठल्या पंपात जातात, कुठल्या गावात फिरतात, मला पत्ता नाही. आपल्या शेडमधून एक तरी अशी वस्तू निघावी, की खोक्यात घालून दुकानात मांडता येईल आणि गिऱ्हाईक ती हातात घेईल. संध्याकाळी भिंगारला जाऊन रं.शी बोललो. निम्मं निम्मं. चहावर ठरलं.

नसीमला सांगितलं. ती म्हणाली, "गेल्या वर्षी लिंबू पिळायचं यंत्र होतं." बायकोची स्मरणशक्ती नको तिथे चांगली.

२४ ऑगस्ट, रविवार

पुणे. रं.ला रविवारी सुट्टी नाही, साहेब लोक रविवारीच खेळतात. स्टिक टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिली, लेकीला सासरी पाठवावं तशी.

गोल्फच्या सामानाचं दुकान, मालक मेहता. एसी, मागे हिरवं कार्पेट, कार्पेटच्या टोकाला भोक. आधी स्टिककडे बघून हसले. मग पाच बॉल मारले. पाचही आत. मग हसले नाहीत. आणखी पाच मारले, त्यातला एक हुकला.

म्हणाले, "ही अशी विकता येणार नाही. फिनिशिंग पाहिजे, नवी नळी, चांगली मूठ. पण डोकं आणि मान अगदी अशीच ठेवा. आठ करून आणा. दिवाळीआधी एका रविवारी इथल्या क्लबच्या मेंबरांना मारायला देऊ. त्यांना आवडली तर दुकानात जागा देतो. नाही तर विषय संपला."

अगदी अशीच. एसटीत नगर येईपर्यंत स्वतःशीच हसत होतो. शेजारचा माणूस सरकून बसला.

८ सप्टेंबर

आज स्टिक मापली. डोक्याची लांबी, रुंदी, वजन, सगळं कागदावर. मग मापाचा काट्याचा डायल लावला आणि कपाळाला हात लावला. मान डोक्यात सरळ बसलेलीच नाही. पूर्ण दोन डिग्री फिरलेली. मूठ नीट धरली की स्टिकचं तोंड समोर न बघता किंचित डावीकडे बघतं. बिचाऱ्यानं घरी बसून कानशीनं केलेलं काम, ना गुण्या ना डायल. होणारच.

वसंता म्हणाला, "विचारायचं का रंगाभाऊला?" म्हटलं, त्यात काय विचारायचं, वाकडं ते वाकडं. शून्यावर आणून मान पकडायचं फिक्श्चर बनवलं. साठीतल्या माणसाच्या चुका काढायच्या नसतात, गुपचूप दुरुस्त करायच्या असतात.

१८ सप्टेंबर

आठ तयार. टेबलावर ओळीत मांडल्या. गनमेटल आरशासारखं. आठही डायलवर शून्य. काटा हलत नाही. सव्वीस वर्षांत इतकं गोड काम हातून झालेलं नाही, आणि हे मी स्वतःच लिहितोय, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही.

रं. मैदानावरच्या स्पर्धेत अडकलाय, पंधरा दिवस दर्शन नाही. बरंच आहे. दुकानात लागल्यावरच दाखवू. चकित होईल.

२१ सप्टेंबर, रविवार

मेहतांनी हातात घेतली. "वा, काम सुंदर आहे." पाच मारले. दोन आत. दुसरी घेतली. तीन आत. तिसरी. मग खाली ठेवली.

"शौकतभाई, ही ती नाही. काय बदललंत?"

"काहीच नाही," म्हणालो. चूक दुरुस्त करणं म्हणजे बदलणं, असं मला खरंच वाटत नव्हतं.

"अशा माझ्याकडे वीस आहेत," भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले. खरंच होत्या. १२ ऑक्टोबरच्या रविवारची तारीख मेंबरांना कळवलीय, तोपर्यंत जमलं तर बघा म्हणाले. आठ स्टिका परत. वजन जाताना इतकं नव्हतं.

२२ सप्टेंबर

रं.कडे गेलो. एक स्टिक त्याच्या हातात दिली. त्यानं पॉलिश बघितलं नाही, काही नाही. जमिनीला टेकवली, वरून एक डोळा बारीक करून बघितलं.

"हिची मान कुनी सरळ केली?"

"मी. दोन डिग्री वाकडी होती."

"व्हय. तीन पावसाळं गेलं मला ती वाकडी करायला."

तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. वहिनींनी चहा आणला तो एकट्यानं प्यालो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गणपती त्यानंच केला होता, मी फक्त सोंड कापली.

२४ सप्टेंबर

त्याचा फोन नाही. मीही केला नाही. चूक माझी हे कळतं, पण "मला विचारायचं तरी" असं तो एकदा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडत नाही.

नसीम म्हणाली, "तुमच्या ड्रॉइंगमध्ये कोणी न विचारता खाडाखोड केली तर?" मी म्हटलं, टाळकं फोडीन. म्हणाली, "मग जा आणि फोडून घ्या."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर तसाच भिंगारला. सरळ म्हटलं, रंगाभाऊ, माझा शहाणपणा नडला, माफ कर. तो म्हणाला, "चला, दाखवतो." मैदानाच्या कडेला, झाडाखाली उभं केलं. "बोलू नका. नुसतं बघा. बॉल भोकाच्या कुठल्या अंगानं जातोय तेवढंच."

सहा साहेब आले. चौघांचा बॉल भोकाच्या उजवीकडून गेला, थोडक्यात. एकाचा आत. एकाचा अलीकडेच थांबला.

"लांबून मारताना कुनी भीत न्हाई," रं. हळू आवाजात म्हणाला. "भोक जवळ आलं की भीत्यात. हात आवळत्यात. आवळला की स्टिकचं तोंड उजवीकडं फिरतं, बॉल तिकडंच पळतो. मी बॅग घेऊन मागं हुबा. मला साहेबांचं तोंड न्हाई दिसत, हातच दिसत्यात. म्हनलं स्टिकलाच आधी डावीकडं बघाया लावू. मानूस भ्याला की बरुबर सरळ हुतं."

पहिल्या मानेला एक डिग्री दिली होती, पुरली नाही. दुसरीला तीन, जास्त झाली. ही तिसरी. डिग्री हा शब्द माझा. तो "एक केस, दोन केस" म्हणतो.

मी आठ स्टिका मापल्या, पण त्या धरणारा माणूस मापला नव्हता. लाज वाटली. चांगलंही वाटलं. वस्तू खोटी नाही, मी खोटी केली होती, म्हणजे परत खरी करता येईल.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. वसंतानं सकाळीच शेड धुतली, लेथला, ड्रिलला झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. बारा तारखेला अकरा दिवस राहिलेत आणि मशीन पूजेला बसलंय. वसंता माझ्याकडे चोरून बघत होता. म्हणाला, "मालक, लई घाई असली तर..." म्हटलं, गप. हार घातलेलं मशीन मी कधी चालवलं नाही, आज नाही चालवणार. दसरा होऊ दे. पेढे मात्र दोन दिवसांचे आजच संपवले.

६ ऑक्टोबर

मान डोक्यात धरणाऱ्या पिना काढल्या, माना फिरवल्या, नवी भोकं पाडली, जुनी पितळेनं बुजवली. आठातली दोन डोकी ड्रिलखाली वाया गेली. सहा राहिली.

वाकडं काम कोणीही करतं. सहा वेळा तेवढंच वाकडं करणं म्हणजे घाम. हात आपोआप शून्याकडे ओढतो. वसंतानं पहिली बसवली ती दीडच डिग्री. म्हणाला, "हात ऐकत नाही हो." रं. संध्याकाळी येऊन बसतो, डायलकडे बघतही नाही, एक डोळा बारीक करून सांगतो, "अजून एक केस." डायल लावून बघतो तर तितकंच निघतं. आधी राग यायचा. आता डायल दुसऱ्यांदा लावत नाही.

या रविवारी तोही येतोय. साहेबांना सांगून सुट्टी घेतली.

१२ ऑक्टोबर, रविवार

परतीच्या एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय. रं. खिडकीला डोकं टेकून झोपलाय.

क्लबच्या सरावाच्या हिरवळीवर मेहतांनी टेबल मांडलं होतं. रं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि तिथे पोचल्या पोचल्या भोकातला झेंडा उचलून बाजूला उभा राहिला. सवय. मी जाऊन झेंडा त्याच्या हातातून घेतला, त्याला टेबलाशी उभं केलं.

पहिला मेंबर, उंच, क्लबातला सर्वांत चांगला खेळाडू म्हणे. चार मारले. चारही भोकाच्या डावीकडून गेले. मेहतांचा चेहरा पडला. संपलं, म्हटलं.

आणि रं. पुढे होऊन म्हणतो काय, "साहेब, तुमचा हात भीत न्हाई. तुमाला ही स्टिक न्हाई लागायची. ठेवा खाली."

गिऱ्हाइकाच्या हातून माल काढून घेणारा विक्रेता मी पहिल्यांदा बघितला. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण तो उंच माणूस हसला आणि मित्राला हाक मारली, "अरे, तू ये. तू भितोस." तो आला. पाचातले चार. मग त्यांची रांगच लागली. रं. प्रत्येकाला आधी स्वतःच्या स्टिकनं दोन मारायला लावायचा, हात बघायचा, मग सांगायचा: तुम्हाला ही चालेल, तुम्हाला अर्धीच वाकडी पाहिजे, तुम्हाला नकोच. एका बाईंना म्हणाला, "म्याडम, तुमचं स्टिकचं काम न्हाई, श्वास धरू नका." त्यांनी सोडला. बॉल आत.

उंच साहेबांनी विचारलं, "किती वर्षं खेळताय?"

"खेळत न्हाई साहेब. बघतो. चौतीस वर्षं."

मेहता निरोप देताना म्हणाले, फोन करतो. सहाही स्टिका ठेवून घेतल्या. याचा अर्थ चांगला धरायचा की कसा, शिवाजीनगरपासून त्यावरच वाद. मी चांगला म्हणतो. रं. म्हणतो, "ठेवून घेतल्यात, घेतल्या न्हाईत."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वाट बघून तीन दिवस चहाही गोड लागत नव्हता. आज सकाळी मेहतांचा फोन.

"नुसती स्टिक भिंतीला लावून विकली जाणार नाही. पण तुमचे ते रंगनाथ दर रविवारी दुकानात बसणार असतील, तर तीन प्रकारच्या वाकड्या ठेवतो, एक, दोन आणि तीन डिग्री. ते माणूस बघतील आणि देतील. ते नसतील तर माझाही इलाज नाही. आज संध्याकाळपर्यंत सांगा."

मशीन वसंतावर सोपवून भिंगारला पळालो. रं. अंगणात पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. सगळं सांगितलं. खूश होईल वाटलं. बराच वेळ गुडघाच चोळत राहिला.

"रविवारी ब्रिगेडियरसाहेबांची बॅग कोन उचलल? बारा वर्षं झाली. माज्याशिवाय पाऊल टाकत न्हाईत."

अरे बाबा, तुझी स्टिक, तुझी मान, तुझे दोन केस, आणि तू बॅगेची काळजी करतोस? हे सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं. त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

शेवटी म्हणाला, "दोन दिस द्या. साहेबांशी बोलून घेतो. एसटीनं गुडघा दुखतो का तेबी बघायला पायजे." आणि मग, "तीन डिग्रीवाली कराया घ्या तुमी तवर. ती अवघड हाय."

संध्याकाळी मेहतांना फोन लावला. "काय ठरलं?"

"रंगनाथराव विचार करतायत," म्हणालो. "शनिवारी कळवतील."

पलीकडे दुकानाचं दार उघडल्याचा आवाज, कोणीतरी गिऱ्हाईक आलं असावं.

"बरं," मेहता म्हणाले. "थांबतो की."