दुसरी बाजू

महाड, शुक्रवार

हाशिमभाई,

तू दिलेल्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, अब्बांनी वारण्याआधी कुवेतहून पाठवलेली कॅसेट लावली. त्यांच्या गाण्याला माझा आवाज जोडायचा होता. दुसरी बाजू कोरी आहे, असं अम्मी कायम सांगायची, म्हणून तिसऱ्या ट्रॅकवर मी गायले.

चौथ्या ट्रॅकचा आवाज वाढवला, तर कुणीतरी उलटं बोलत होतं. मग खोकला आला. तो उलटाही ओळखू येतो. अब्बाच! तिसरा नि चौथा ट्रॅक म्हणजे कॅसेटची दुसरी बाजू, ती हे मशीन उलटी वाजवतं, आणि त्यातला तिसरा मी गाऊन पुसलाय.

अम्मी दाराशी आली. "ते माझ्यासाठी होतं गो. काय पुसलं नाय ना?"

मी "नाय" म्हटलं.

"मग सुलट लाव."

सुलट लावलं, की अब्बांच्या बोलण्यावर माझं गाणं उलटं वाजेल.

हे तुला धाडणार नाही. तू तिला फोन करून सांगशील.

घाबरलेली,
सुम्बुल